ट्युन-ट्युन सुरात आहे, पण गुंजत नाही? या चुका टाळा

स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या बास्क प्रदेशाच्या फ्रान्सकडील सुबेरोआ भागात थंडीच्या दिवसांत 'मास्कराडा' हा सोंगांचा उत्सव चालतो. त्यातल्या नाचाला एकच वादक पुरतो: डाव्या हातात तीन छिद्रांची 'चिरुला' बासरी, डाव्या कुशीत सहा तारांची लांबट लाकडी पेटी म्हणजे ट्युन-ट्युन आणि उजव्या हातात काठी. नावावरून आपले तुणतुणे आठवते, पण तुणतुण्याची एक तार छेडतात. इथे सहाही तारांवर एकदम काठी पडते. ताल आणि षड्ज-पंचमाची (सा-प ची) आस, म्हणजे मागे गुंजत राहणारा नाद, एकाच ठोक्यातून मिळते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आधी ट्यूनरवर (सूर दाखवणाऱ्या यंत्रावर) तारा लावून मग बासरी हातात घेणे. थंड चिरुला उतरलेली वाजते आणि श्वासाने गरम झाली की चढते. म्हणून पाचेक मिनिटे फुंकून ती स्थिरावू द्या, मग तिच्या सा-प ला तारा मिळवा. एक तार लावताना बाकीच्या फडक्याने दाबून ठेवा. एकाच सुराच्या दोन तारांचा आवाज मिळून लाटेसारखा हेलकावत असेल, तर अजून फरक आहे. सहावी तार झाली की पुन्हा पहिलीवर या. एकूण ताण वाढल्याने पेटी किंचित वाकते आणि आधी लावलेल्या तारा उतरतात. ही दुसरी फेरी कधीच वगळू नये.

काही वाद्यांवर तारांना जेमतेम टेकणारे धातूचे आकडे असतात. तंबोऱ्याच्या जवारीसारखी गोड करकर त्यांच्यामुळेच येते. आकडे मागे सारून सूर लावा, मग एकेक पुढे आणा. तार चढली किंवा नुसती 'टक' वाजली, तर आकडा जास्त दाबतो आहे. सगळ्या तारा हाताने धरून पेटीवर बोटाने टिचकी मारा. तरीही खडखड आली तर दोष आकड्यांचा नाही, सैल खुंटीचा किंवा उकललेल्या सांध्याचा.

काठी तारांवर टेकून राहिली की आस तिथेच मरते. ठोका मनगटातून द्या आणि काठीला उसळू द्या. घोडीच्या, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या, अगदी जवळ मारल्यास आवाज कोरडा, कर्कश होतो.

आणि पेटी जाड कोटावर घट्ट आवळू नका. लोकरीत पाठ रुतली की लाकडाचे कंपन कोटच शोषून घेतो.