बुजऱ्या मांजराला घरात निर्धास्त कसे करावे

झाकण पडले की पलंगाखाली, दाराची कडी वाजली की माळ्यावर आणि पाहुणे आले की दिवसभर बेपत्ता, अशा मांजराबाबत घरची माणसे बहुधा दोनच उपाय करतात. एक तर त्याला ओढून मांडीवर घेतात, नाहीतर सगळ्यांना हळू बोलायला लावतात. यातल्या पहिल्या उपायाने भीती वाढते आणि दुसरा चार दिवसांच्या पुढे टिकत नाही. बेळगावात वडगाव-शहापूरकडे यंत्रमागाच्या भिंतीला लागून असलेल्या घरांत मागाच्या अखंड खडखडाटात मांजरे पसरून झोपलेली दिसतात. हातातून निसटलेल्या पातेल्याने मात्र तीच मांजरे टुणकन उडतात. मांजराला त्रास होतो तो आवाजाच्या मोठेपणापेक्षा त्याच्या अचानकपणाचा. म्हणून घर मुके करण्यापेक्षा घरातल्या गोष्टी त्याला आधी कळतील अशा घडाव्यात आणि नको असेल तेव्हा बाजूला होण्याची वाट त्याच्यासाठी मोकळी असावी, एवढे साधले तरी बरेच काम होते.

सुरुवात पशुवैद्यकीय दवाखान्यापासून करावी. मांजर लहानपणापासून बुजरे असेल तर ते त्याचा स्वभाव असण्याची शक्यता जास्त. पिल्लाला साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांत माणसाचा हात लागला नसेल, तर पुढे माणसाची धास्ती राहते. परंतु कालपर्यंत धीट असलेले मांजर एकाएकी दचकू लागले, तर दातदुखी, कानातील संसर्ग, सांधेदुखी किंवा उतारवयात मंदावलेली नजर यांपैकी काही ना काही त्यामागे असू शकते. दुखणे असताना बाकीचे उपाय लागू पडणार नाहीत.

त्यानंतर लपण्याची जागा करावी. याला विशेष खर्च लागत नाही. पुठ्ठ्याचा मजबूत खोका आडवा ठेवून त्याला समोरासमोर दोन भोके पाडावीत, म्हणजे आत कोंडल्यासारखे वाटणार नाही, आणि आत मांजराच्या अंगाचा वास लागलेले जुने लुगडे किंवा घोंगडीचा तुकडा अंथरावा. हे अंथरूण वरचेवर धुऊ नये, कारण स्वतःचा वास हाच त्याचा मोठा आधार असतो. नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, निवाऱ्यात नव्याने आणलेल्या ज्या मांजरांना लपायला खोका दिला होता ती इतरांपेक्षा लवकर सावरली, असे आढळले. दुसरी जागा उंचावर द्यावी. जुन्या कौलारू घरांत माळा आयताच मिळतो. फ्लॅटमध्ये कपाटाचा वरचा भाग रिकामा करून तिथवर चढायला स्टूल ठेवावे. लपलेल्या मांजराला कोणत्याही कारणाने ओढून बाहेर काढू नये. तिथे एकदा हात पोहोचला की ती जागा त्याच्या लेखी सुरक्षित राहत नाही आणि ते आणखी अवघड सांदीकोपरा शोधते.

खाण्यापिण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. भांडे रोज त्याच ठिकाणी ठेवावे. वाळूचे घमेले तिथून लांब, आडोशाला, पण दोन्हीकडून निसटता येईल असे असावे. घरात जितकी मांजरे तितकी घमेली आणि वर एक, हा हिशेब सोयीचा पडतो. आपल्याकडे एक गोष्ट नेहमी नजरेतून सुटते: नळाला पाणी येण्याच्या दिवशी मोटर, पिंपे, बादल्या आणि धावपळ यांचा एकच गोंधळ उडतो, आणि घमेले नेमके न्हाणीघराच्या दाराशी असते. मग मांजर भलतीकडे घाण करते आणि रागावणे मात्र त्याच्या वाट्याला येते.

वासाबद्दलही जपावे. मांजराला फिनेल, कापूर आणि सुगंधी तेले केवळ अप्रिय नसतात, तर विषारीही ठरू शकतात, कारण यातली अनेक द्रव्ये त्याचे यकृत नीट पचवू शकत नाही. त्याच्या वावराची फरशी साध्या साबणाच्या पाण्याने पुसावी आणि धूप-उदबत्ती दुसऱ्या खोलीत लावावी.

जवळीक वाढवताना पुढाकार मांजराला घेऊ द्यावा. त्याच्यासमोर उभे राहून वाकू नये. थोड्या अंतरावर, अंग किंचित वळवून जमिनीवर बसावे. नजर रोखू नये. डोळे अर्धवट मिटून सावकाश उघडावेत. ससेक्स विद्यापीठाच्या २०२० मधील अभ्यासात असे केल्यावर अनोळखी माणसाच्या हाताकडेही मांजरे अधिक वेळा आल्याचे दिसले. मग एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर धरून तसेच थांबावे. मांजर मान पुढे करते, हुंगते, आणि मनात आले तर गाल त्या बोटाला घासते. गाल घासला तरच हनुवटीखाली खाजवावे. पोटाला हात लावू नये. कान मागे चपटे झाले, पाठीची कातडी थरथरली किंवा शेपटीचे टोक झटके देऊ लागले, तर तिथेच थांबावे. मांजर घुरघुरते म्हणून खूश आहे असे दर वेळी समजू नये, कारण वेदनेत आणि भीतीतही मांजरे घुरघुरतात. घरात लहान मुले असतील तर त्यांना एवढा एकच नियम सांगावा: मांजर आपल्याकडे येईल, आपण त्याच्याकडे जायचे नाही. (पाहुण्यांना हे समजावणे मुलांपेक्षा कठीण जाते.)

आवाजाची सवय सावकाश लावता येते. फटाके, ढोल किंवा गडगडाट यांचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर अगदी बारीक लावून त्याच वेळी सुकटीचा तुकडा द्यावा. मांजर खात राहिले तर काही दिवसांनी आवाज किंचित वाढवावा. खाणे सोडून कान टवकारले तर पुन्हा कमी करावा. हे काम सणाच्या कित्येक आठवडे आधी सुरू करावे लागते. बेळगावात वैशाखातील शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, दुसऱ्या दिवसापर्यंत लांबणारी गणेश विसर्जनाची मिरवणूक आणि दिवाळी अशी या आवाजांची वर्षभर रांगच असते. शिवाय पत्र्यावर कोसळणारा वळीव असतो तो वेगळाच. त्या दिवशी रस्त्यापासून लांबची खोली निवडून खिडक्या संध्याकाळच्या आधीच लावाव्यात, खोका, पाणी आणि घमेले आत ठेवावे आणि पंखा किंवा रेडिओ मध्यम आवाजात चालू ठेवावा. बाहेर हिंडणारे मांजर दुपारीच घरात घ्यावे, कारण भेदरून पळालेले मांजर वाहनाखाली सापडण्याची किंवा वाट चुकण्याची भीती असते. घाबरून जवळ आले तर त्याला जरूर जवळ घ्यावे. तसे केल्याने भित्रेपणा वाढतो, हा समज चुकीचा आहे.

भीती अतिशय असेल तर डॉक्टर त्या दिवसापुरते औषध देऊ शकतात. माणसांच्या गोळ्या मात्र अजिबात देऊ नयेत. पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही मांजर दगावू शकते. लपलेल्या मांजराने २४ तासांत अन्नाला तोंड लावले नाही, किंवा बोका घमेल्यात वारंवार बसूनही लघवी होत नसेल, तर बुजरेपणा म्हणून वाट पाहू नये आणि टोपलीवर टॉवेल टाकून त्याच दिवशी दवाखाना गाठावा.