कंटेनरला प्रोसेसर किती दिसतात, ते आधी बघा

फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडले आणि पणजीला पाट्टोवर एका लहान कंपनीत लागले. पहिल्याच पावसाळ्यात फोटो लहान करून साठवणारी एक सर्व्हिस माझ्याकडे आली. लॅपटॉपवर ती सुसाट चालायची, सर्व्हरवर कंटेनरमध्ये (म्हणजे प्रोग्रामला बाकीच्यांपासून वेगळं ठेवणाऱ्या कप्प्यात) टाकली की अडखळायची. सर्व्हरला 16 कोअर, म्हणजे 16 प्रोसेसर. त्यातले 2 डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाच्या ‘सीपीयूज’ पर्यायाने कंटेनरला दिलेले. दोन दिवस मी कोडच चाळत बसले.

शेवटी शेजारच्या टेबलावरची ताई म्हणाली, "बाय, कोड राहू दे. कंटेनरच्या आत जा आणि प्रोसेसर किती दिसतात ते विचार." पायथनला विचारलं. उत्तर आलं, 16.

ते 2 म्हणजे वेळेची मर्यादा. त्याने प्रोसेसर लपत नाहीत. दर 100 मिलिसेकंदांत कंटेनरला सगळे कोअर मिळून 200 मिलिसेकंद वापरता येतात, एवढाच त्याचा अर्थ. माझ्या प्रोग्रामने 16 कोअर बघून 16 वर्कर, म्हणजे एकाच वेळी काम करणाऱ्या प्रोसेस, उभे केले होते. सोळाही एकदम धावले की साडेबारा मिलिसेकंदांत कोटा संपायचा आणि पुढचे साडेसत्याऐंशी मिलिसेकंद सगळे खोळंबून. सीग्रुपच्या (लिनक्समधली अशा मर्यादा लावणारी सोय) ‘सीपीयू डॉट स्टॅट’ फाइलमध्ये ‘एनआर थ्रॉटल्ड’ हा, किती वेळा रोखलं ते सांगणारा आकडा बघावा तेव्हा वाढलेला. सर्व्हिस विनाकारण मंदावली तर ही फाइल सगळ्यात आधी उघडा.

मग ‘सीपीयूसेट’ वापरून 0 आणि 1 हे दोनच कोअर नेमून दिले. ‘एनप्रॉक’ या कोअर मोजणाऱ्या कमांडने 2 सांगितले, पण पायथनचं ‘सीपीयू काउंट’ 16 वर अडून! ते मशीनवर चालू असलेले कोअर मोजतं. आपल्या प्रोसेसला मुभा किती कोअरची, हे त्याच्या हिशेबात नाही. लिनक्सच्या ‘सीपीयूइन्फो’ या प्रोसेसरांच्या यादीतही सोळाच्या सोळा. (तिथली यादीही आखूड दिसायला हवी असेल, तर एलएक्ससीएफएस हे वेगळं साधन लागतं.) प्रोसेसला कुठल्या कोअरची मुभा आहे ते सांगणाऱ्या ‘स्केड-गेटॲफिनिटी’ला विचारून वर्कर 2 केले, तेव्हा कुठे सर्व्हिस मार्गी लागली. पायथन 3.13 मध्ये यासाठी ‘प्रोसेस सीपीयू काउंट’ आलंय. कोटा मात्र त्यालाही कळत नाही. जावाला तो जेडीके 10 पासून कळू लागला, गो भाषेला 1.25 पासून.

माझं मत विचाराल तर वर्करांची संख्या सरळ एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रामला बाहेरून दिलेल्या सेटिंगमध्ये) लिहून द्या, प्रोग्रामच्या अंदाजावर सोडू नका.

सीपीयूसेटची एक गोष्ट मला महिनाभराने कळली. आणखी तीन कंटेनरना मी सवयीने 0 आणि 1 च दिले. चौघे त्याच दोन कोअरवर भांडत होते आणि बाकीचे 14 रिकामे. ताईने तेव्हा 16 चौकोनांचा एक कागद भिंतीवर चिकटवला. अजून तो तिथेच आहे. चौकोनात नाव लिहिल्याशिवाय आमच्याकडे कुणी कोअर घेत नाही. सध्या 12 आणि 13 मोकळे आहेत.