गेटवेची फी ग्राहकाच्या माथी? या चुका टाळा

दिवाळीच्या महिनाभर आधी हमखास फोन येतो: "काका, पेमेंट गेटवेवाले, म्हणजे ग्राहकाचे ऑनलाइन पैसे आपल्यापर्यंत पोचवणारे, दोन टक्के कापतात. गिऱ्हाइकाकडून घेतले तर चालतं ना?" विचारणाऱ्याने ते घ्यायला बहुधा आधीच सुरुवात केलेली असते.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे शेवटच्या पानावर सरसकट सगळ्यांना 'पेमेंट चार्ज' लावणं. माझ्या पुतणीने हेच केलं. फराळाचा डबा १,२०० रुपयांना, खाली २४ रुपये चार्ज. डोंबिवलीच्या एका निवृत्त बँकवाल्या बाईंनी यूपीआयने पैसे भरले आणि फोन करून विचारलं, "अगं, यूपीआयवर एमडीआर, म्हणजे पेमेंटमागे दुकानदाराकडून कापायची फी, १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे. हे चोवीस रुपये कसले?" पोरीची बोलती बंद. तिचा गेटवे यूपीआयवरही 'प्लॅटफॉर्म फी' कापत होता हे खरं. पण तो गेटवे तिने निवडलेला, त्याचं दरपत्रक तिने न वाचलेलं. बाईंचा त्यात काय दोष? बिलाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर गेला आणि अकरा ऑर्डरी रद्द झाल्या. रिफंड करताना कळलं की मूळ व्यवहारावर कापलेली फी परत मिळत नाही. १,२२४ वर दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे डब्यामागे जवळजवळ २९ रुपये पाण्यात. वाचवायचे होते २४!

डेबिट कार्डाबाबत तर वादच नको. रिझर्व्ह बँकेच्या डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकाने एमडीआरला कमाल मर्यादा घातली. दुकानदाराची वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर कार्डाच्या व्यवहारावर ०.४० टक्के, त्याहून जास्त असेल तर ०.९० टक्के. हा भार ग्राहकावर टाकू नये, हेही त्यातच आहे. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, पण तिथे तुम्ही गेटवेशी केलेला करार बघा. कार्डाने पैसे देणाऱ्याकडून जादा घेऊ नये, अशी अट त्यात बहुतेक वेळा असते.

"रेल्वेच्या तिकिटावर घेतातच की!" हे ठरलेलं उत्तर. तिथलं शुल्क ऑनलाइन बुकिंगच्या सेवेचं असतं आणि आधीपासून जाहीर असतं. तुम्ही शेवटच्या क्षणी वाढवता त्याला 'ड्रिप प्रायसिंग' म्हणतात आणि नोव्हेंबर २०२३ च्या सरकारी डार्क पॅटर्नविरोधी (ऑनलाइन ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांविरोधी) मार्गदर्शक तत्त्वांत ते नावानिशी आहे.

पाकिटावर एमआरपी छापली असेल तर तिच्या वर 'फी'च्या नावाने एक रुपयाही घेऊ नका.

माझी सवय विचाराल तर फी किमतीतच मुरवायची. पण इथेही घाईवाले चुकतात. हजार रुपये हातात हवे, फी २.३६ टक्के (दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी), म्हणून १,०२३.६० लावतात. गेटवे मात्र कापतो वाढलेल्या रकमेवर, त्यामुळे हातात ९९९.४४ येतात. शंभरातून २.३६ गेले की उरतात ९७.६४, म्हणून हजाराला ०.९७६४ ने भागा: १,०२४.१७. छप्पन पैशांनी काय होतं, असं म्हणणाऱ्यांनी ते वर्षाच्या ऑर्डरींनी गुणून बघावं. आणि गेटवे टक्केवारी मालावरचा जीएसटी आणि कुरिअरसकट सगळ्या रकमेवर लावतो. कुरिअरचे ८० रुपये विसरलात तर त्याची फी तुमच्या खिशातून जाते.

जीएसटी नोंदणी असेल तर फीवरचा कर इनपुट क्रेडिटमध्ये (म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा) धरता येतो का, ते सीएला आधी विचारा. मिळत असेल तर २.३६ ऐवजी २ धरून भाव काढता येतो.

पुतणीचा डबा आता १,२३० ला आहे. खाली चार्जची ओळ नाही, आणि अजून कुणी फोन करून काही विचारलेलं नाही.