दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढायचा

सपाट नकाशावर पट्टी ठेवून हवाई अंतर काढू नका. असा नकाशा ध्रुवांकडे ताणलेला असतो, विमान मात्र गोल पृथ्वीवरची सर्वांत जवळची वाट धरतं. न्यूयॉर्क लंडनच्या बरंच दक्षिणेला आहे, तरी लंडनहून तिकडे निघालेलं विमान आधी पश्चिमेच्या थोडं उत्तरेला झुकतं, ते यामुळेच.

हिशेबाला दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश लागतात. ते विमानतळांचे घ्या, शहराच्या मध्याचे नकोत. टोकियोचा नारिता विमानतळ शहरापासून सुमारे ६० किलोमीटर लांब आहे. लंडनचा हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम, न्यूयॉर्कचा जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम.

दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.५०९५. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या (७३.३३ अंश) कोसाइनने गुणा: ०.१३५६. बेरीज ०.६४५१. कॅल्क्युलेटरवर हिचा व्यस्त कोसाइन (cos⁻¹ चं बटण) ४९.८३ अंश येतो. एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर, म्हणजे अंतर झालं सुमारे ५,५४१ किलोमीटर.

उत्तर चुकतं ते बहुतेक ठरावीक ठिकाणी. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) राहिलेला असतो. किंवा ५१ अंश २८ मिनिटं हे ५१.२८ असं लिहिलं जातं. मिनिटांना ६० ने भागायचं असतं, म्हणून ते ५१.४७. एक शहर पूर्व रेखांशावर आणि दुसरं पश्चिम रेखांशावर असेल तर वजाबाकी नाही, बेरीज करायची. बेरीज १८० च्या वर गेली तर ती ३६० मधून वजा करा. उत्तर २०,०१५ किलोमीटरपेक्षा मोठं आलं तर ते नक्की चूक, कारण पृथ्वीवर कुठलीही दोन ठिकाणं याहून लांब नाहीत. तयार आकडा मैलांत मिळाला तर तो कुठला मैल हे आधी बघा: सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, साधा १.६०९ चा.

आता वेळ. नुसतं अंतर भागिले वेग केलं की उत्तर हमखास कमी येतं. हवाई मार्ग अगदी सरळ नसतात, म्हणून अंतरात ३ टक्के वाढवा: ५,७०० किलोमीटर. लांब पल्ल्याचं जेट उंचावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास जातं. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यांसाठी ४५ मिनिटं वेगळी धरा.

खरा फरक पाडतो वारा. उत्तर अटलांटिकवर जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो आणि हिवाळ्यात जोर धरतो. तो सरासरी ताशी १०० किलोमीटर धरला, तर न्यूयॉर्ककडे जाताना जमिनीच्या हिशेबात वेग ८०० उरतो आणि प्रवास ७ तास ५३ मिनिटांचा होतो. परतताना वेग १,००० आणि वेळ ६ तास २७ मिनिटं. जाण्याचा वेळ तोच परतीचा धरू नका.

हवाई हद्द बंद असेल तर ३ टक्के मुळीच पुरत नाहीत. २०२२ मध्ये रशियावरून जाणं बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून सुमारे तेरा तासांवर गेला.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या ठिकाणच्या स्थानिक असतात. लंडनहून ११:०० ला निघालात तर १८:५३ मधून ५ तास वजा करून न्यूयॉर्कला १३:५३ ला उतराल. पण अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकतात, ब्रिटनमध्ये शेवटच्या. या दोन रविवारांच्या मधल्या दिवसांत फरक ४ तासांचाच असतो, तेव्हा १४:५३ धरा.