ग्रास कटिंग मशीनचा फ्लॅप तारेने बांधताय? या चुका टाळा

नागपुरात ‘लॉन’ म्हटलं की माणसाला आधी लग्न आठवतं, गवत नंतर. काटोल रोड घ्या, वर्धा रोड घ्या, कोराडी रोड घ्या, दर थोड्या अंतरावर एक लॉन. त्यातल्या काहींचं गवत कापायचं काम माझ्याकडे आहे. सोबत दोन-तीन कॅम्पस आणि दुरुस्तीला येणाऱ्या मशिनी. साइड डिस्चार्जची मशीन दुकानात आली की मी इंजिनाच्या आधी उजव्या बाजूचं शूट बघतो, म्हणजे कापलेलं गवत जिथून बाहेर पडतं ते तोंड. त्यावरचा स्प्रिंगचा फ्लॅप बहुतेक वेळा बाइंडिंग तारेने वर बांधलेला असतो. कधी सुतळीने. कधी फ्लॅपच गायब, नुसती पिन शिल्लक.

विचारलं की उत्तर ठरलेलं. “भाऊ, त्याच्यानं गवत अडकते.”

गवत अडकतं हे खरं. पण फ्लॅपमुळे अडकल्याची मशीन माझ्याकडे अजून आलेली नाही. कारण दरवेळी आतच सापडतं, आणि ते सापडलं की तारेची गरजच राहत नाही.

आधी तो फ्लॅप तिथे कशाला दिलाय ते बघू. २१ इंची पातं मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जातो. हिशेब सोपा आहे: एका फेऱ्यात टोक सुमारे १.६८ मीटर जातं, आणि सेकंदाला ५० फेरे. आपल्या खापरखेड्याच्या उमेश यादवचा वेगवान चेंडू ताशी दीडशेच्या घरात असायचा. पात्याचं टोक त्याच्या दुप्पट वेगाने फिरतंय, आणि वाटेत गिट्टीचा खडा आला तर तो शूटमधूनच बाहेर जाणार. फ्लॅप खाली असला तर खडा त्यावर आपटून जमिनीकडे वळतो. फ्लॅप वर बांधला की तो सरळ जातो, माणसाच्या नडगीच्या उंचीवरून, आणि उसळला तर त्याहून वर.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो असतो तर बरं झालं असतं. तुळशीच्या लग्नाआधीचे दिवस होते, सीझन सुरू व्हायचा होता, मालकाची घाई. फ्लॅप मीच बांधला होता. हरळीत मागच्या कार्यक्रमाचा कनातीचा एक खिळा राहिला होता. ‘टण्ण’ असा एकच आवाज आला आणि डेकोरेशनवाल्याच्या टेम्पोची काच खाली आली. ड्रायव्हर नशिबाने बाहेर, टेम्पोच्या पलीकडे उभा राहून खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) घोटत होता. खिळा त्याच्या सीटवर सापडला, मधोमध वाकलेला. काचेचे पैसे मी दिले. तो माणूस काही बोलला नाही, नुसता सीटकडे बघत राहिला. त्याच संध्याकाळी मी दुकानातल्या सगळ्या मशिनींच्या तारा कापल्या.

आता अडकण्याबद्दल. पातं म्हणजे अर्धा पंखा असतो. धारेच्या मागच्या कडेला वर वळवलेला भाग हवा ओढतो, गवत उभं करतो आणि कापलेलं शूटकडे ढकलतो. हवा कमी पडली की गवत तोंडाशी साचतं. मग हवा का कमी पडली, ते शोधायचं.

सगळ्यात जास्त दिसणारं कारण म्हणजे अर्धी रेस. पेट्रोल वाचतं म्हणून पोरं मशीन अर्ध्या रेसवर चालवतात. पातं हळू, हवा कमी, तोंड जाम. मग थांबा, साफ करा, पुन्हा दोरी ओढा. यात किती पेट्रोल वाचलं ते देव जाणे. कापताना रेस पूर्ण ठेवा आणि चालायचा वेग कमी करा. बसून चालवायच्या मशिनीत रेस पूर्ण असूनही पातं मंद वाटलं तर डेकचा (पात्यावरच्या कवचाचा) बेल्ट ढिला किंवा झिजलेला आहे का बघा.

दुसरं कारण ओलं गवत. जुलै-ऑगस्टमध्ये हरळी आणि लव्हाळा दोन्ही असे वाढतात की आठवडा चुकला तर घोट्याच्या वर. त्यात काळी माती चाकांना चिकटते, चाकं रुततात, डेक खाली बसतो आणि गवताबरोबर चिखलही आत ओढला जातो. सकाळी सातला कापायला जाऊ नका. उघाड मिळाली तर दुपारपर्यंत थांबा. गवत फार वाढलं असेल तर एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका: पहिली फेरी उंची वाढवून, दोन-तीन दिवसांनी दुसरी. लॉनमालकाला हे पटवणं अवघड जातं, कारण त्याला लग्न उद्याच असतं. अशा वेळी निदान पट्टा अर्धाच घ्या, म्हणजे पात्याच्या निम्म्या रुंदीतच गवत येऊ द्या.

तिसरं कारण मला दरवर्षी दोन-तीनदा तरी भेटतं. “धार लावून आणली तेव्हापासून गोळे पडतात.” मशीन कलती केली की पातं उलटं बसवलेलं. वळवलेले पंख वर, डेकच्या छताकडे असायला हवेत. इथे ते जमिनीकडे असतात. अशी मशीन गवत कापत नाही, झोडपते, आणि वर उचलत तर मुळीच नाही. पातं खोलण्याआधी खालच्या बाजूला खडूने खूण करा, दहा सेकंदांचं काम आहे. खोललेलंच आहे तर पंखाच्या मुळाशी नीट बघा. रेतीने तिथलं लोखंड झिजून पातळ होतं, पुढे चीर पडते. चीर दिसली की ते पातं भंगारात. तो तुकडा तुटला तर बाहेर पडायला त्याला शूटचीच वाट आहे.

चौथं, डेकच्या आतला थर. वाळलेलं गवत आणि माती मिळून शेणाने सारवल्यासारखा जाड पापुद्रा बसतो आणि हवेची वाट अडवतो. तो लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. प्रेशर वॉशरची धार पात्याच्या बेअरिंगवर मारू नका, पाणी आत गेलं की बेअरिंग ओरडायला लागतं.

हे चारही तपासून नीट केलं आणि तरी फ्लॅपमुळेच अडकतंय असं वाटलं, तर मशीन माझ्याकडे घेऊन या. मला बघायचीच आहे.

अडकलेलं गवत काढताना हात घालणं, ही बाकी सगळ्या चुकांची आजी. पायाने ढकलणं त्याची बहीण. इंजिन बंद केल्यावर पातं लगेच थांबत नाही. अमेरिकेत १९८२ पासून घरगुती ढकलायच्या मशिनींना नियम आहे की हँडल सोडल्यावर ३ सेकंदांत पातं थांबलं पाहिजे. आपल्याकडच्या जुन्या मशिनींत तो ब्रेक अनेकदा नसतो, किंवा असला तरी त्याची दांडी हँडललाच बांधून ठेवलेली असते. (तार हा आपला राष्ट्रीय सुटा भाग आहे.) म्हणून इंजिन बंद करा, पातं थांबल्याची डोळ्यांनी खात्री करा, प्लगची कॅप ओढून बाजूला ठेवा, आणि मग काडीने गवत काढा. कॅप का? पातं हाताने फिरवलं तर इंजिनही फिरतं, आणि गरम इंजिन तेवढ्यावरही एखादा ठोका देऊ शकतं. बोटांना तो एक ठोका पुरतो. मशीन कलती करताना एअर फिल्टर वरच्या बाजूला राहू द्या, नाहीतर ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरतं आणि सुरू केल्यावर अख्खी कॉलनी धुराने भरते.

दिशेबद्दल एकच सांगतो, लक्षात ठेवायला सोपं. शूट उजवीकडे असेल तर पहिल्या दोन फेऱ्या प्रदक्षिणेसारख्या घाला. उजवा हात आतल्या बाजूला, म्हणजे गवत आणि खडे दोन्ही मैदानाच्या मध्ये पडतात. भिंत, गाड्या, फुलांचे वाफे, रस्ता, सगळं डावीकडे राहतं. कडेचा पट्टा कापून झाला की फिरा आणि उलट्या दिशेने चला, आता गवत कापलेल्या भागावर पडेल आणि पात्याला तेच गवत दुसऱ्यांदा कापावं लागणार नाही. माणसांना किती लांब ठेवायचं? ब्रशकटरच्या (खांद्याला अडकवून चालवायच्या गवत कापणीच्या मशीनच्या) मॅन्युअलमध्ये १५ मीटर लिहिलेलं असतं, मी शूटच्या बाजूलाही तेवढंच धरतो. शाळेच्या मैदानावर सुट्टी झाली की मशीन बंद. पोरं थांबत नाहीत, आपण थांबायचं.

बसून किंवा उभं राहून चालवायच्या मोठ्या मशिनींवर शूट बंद करायची झडप लावता येते, लिव्हरने किंवा पायाच्या पेडलने. वाफ्याजवळून, पार्किंगजवळून जाताना बंद करायची, पुढे गेलं की उघडायची. कल्पना छान आहे, पण एका कॅम्पसवर ऑपरेटर अख्खं मैदान झडप बंद ठेवून कापत होता, “स्वच्छ दिसते” म्हणून. डेकमध्ये गवत कोंडतं, इंजिन दमतं, आणि जिथे झडप उघडली तिथे भारा पडतो. काही मीटरपुरतीच ती बंद ठेवायची. आणि झडप लावली म्हणून फ्लॅप काढायचा नाही, उघड्या झडपेतून खडा तसाच जातो.

मागे पिशवी लावायच्या मशिनींत पिशवी काढली की मागचं झाकण आपोआप खाली पडलं पाहिजे. ते पडत नसेल तर शूट थेट तुमच्या पायांकडे उघडं आहे.

फ्लॅप तुटला तर पत्र्याचा तुकडा ठोकून भागवू नका. पत्रा एकदा वाकला की आत पात्याला लागू शकतो. मूळ फ्लॅप मागवा, येईपर्यंत ती मशीन बाजूला ठेवा. आपल्या मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात मशीन उघड्यावर पडून राहिली की प्लास्टिकचा फ्लॅप पापडासारखा होतो, त्यामुळे निदान सावलीत तरी ठेवा. उन्हाळ्यात सायलेन्सरजवळ वाळलेलं गवत साचू देऊ नका, ते पेट घेतं.

लग्नाच्या लॉनवर मशीन उतरवण्याआधी आता मी एक काम करतो. जुन्या स्पीकरची दोन चुंबकं एका पाइपला बांधलीत, तो दोरीने ओढत मंडपाच्या जागेवरून फिरवतो. खिळे, पिना, बाटल्यांची झाकणं, तारेचे तुकडे. मागच्या वेळी एका रिसेप्शननंतर खर्ऱ्याची पन्नी भरली. मग मशीनजवळ जाऊन फ्लॅप हाताने वर उचलून सोडतो. ‘खट्’ करून खाली बसला तर दोरी ओढायची. अर्ध्यात लटकला, तर आधी स्प्रिंग बदलायची.