डावं पान टिपणांना, उजवं हाताला

वडोदऱ्यातल्या मांडवी या जुन्या कमानींच्या वास्तूसमोर स्केच करताना पर्स्पेक्टिव्हचं (जवळ-लांबचं अंतर कागदावर दाखवण्याचं) गणित आधी मांडलं की हात आखडतो. म्हणून सुरुवात उजव्या पानापासून करा: ६बी (मऊ, गडद) पेन्सिल, दोन-दोन मिनिटांची तीन स्केचेस, खोडरबर पिशवीतच. वहीचा कागद जरा जाड, १५० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम) आसपास असू द्या. चुकलेली रेघ तशीच ठेवून शेजारी दुसरी ओढा. पहिली दिसत राहिली तरच हात कुठे घसरला ते कळतं.

मग दहा मिनिटं डाव्या पानावर, बॉलपेनने. आधी डोळ्यांची पातळी, म्हणजे तुमच्या डोळ्यांच्या उंचीची आडवी रेषा आखा. सपाट रस्त्यावर उभं राहून पाहिलं तर जवळच्या-लांबच्या माणसांची डोकी साधारण एकाच आडव्या रेषेवर येतात, लांबच्यांचे फक्त पाय वर सरकतात. ओट्यावर बसलात की उभ्या माणसांची डोकी त्या रेषेच्या वर जातात, जवळच्यांची सगळ्यांत जास्त. खरा घोटाळा इथेच होतो. अर्धं चित्र बसून, अर्धं उभं राहून काढलं जातं आणि कमानी डोलायला लागतात. म्हणून ‘बसून’ की ‘उभं’, वेळ आणि उजेडाची दिशा प्रत्येक पानावर लिहाच.

रंगासाठी नुसतं ‘पिवळा’ पुरत नाही; ‘कमानीतली सावली भिंतीहून दोन टोन गडद, जांभळट’ असं लिहा.

वडोदऱ्याच्याच कीर्ती मंदिरात, गायकवाड घराण्याच्या स्मारकात, चित्रकार नंदलाल बोस यांच्या भित्तिचित्रांसमोर मात्र क्रम उलटा ठेवा. तिथे रचना शिकायची असते, त्यामुळे आधी टिपण, मग स्केच.

घरी आल्यावर दुरुस्ती मूळ स्केचवर नको. वर बटर पेपर ठेवा आणि त्यावर रेषा तपासा.