चित्रपुस्तक घेण्याआधी ते कसं पारखावं

मुलांसाठी चित्रपुस्तक घेताना आपण बहुधा दोनच गोष्टी बघतो, किंमत आणि ‘यातून काय शिकायला मिळेल’. चित्रं रंगीबेरंगी असली की बाकी सगळं चालून जातं. ठाण्यातल्या गोखले रोडवरच्या एखाद्या दुकानात शनिवारी संध्याकाळी पाच मिनिटं थांबलात तरी हे दिसेल. मूल एका पानावर रेंगाळलेलं असतं, तेवढ्यात मागून ‘अरे, यात वाचायला काहीच नाहीये’ असं म्हणत कुणीतरी पुस्तक पुन्हा रॅकवर ठेवून देतं. पण चांगल्या चित्रपुस्तकात निम्मी गोष्ट चित्रातच असते. ती तिथे खरंच आहे का, हे दुकानात उभ्या उभ्या दहा मिनिटांत तपासता येतं.

आधी मजकूर झाका

पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटा, पण मजकुरावर हात ठेवून. नुसत्या चित्रांवरून गोष्ट कुणाची आहे, त्याला काय हवंय आणि घोडं कुठे अडलंय एवढं कळलं पाहिजे. सगळंच कळायला नको. मुखपृष्ठामागचं अस्तराचं पानही बघा. चांगले चित्रकार तिथेच गोष्टीला सुरुवात करतात, बाकीचे तिथे फुलांची नक्षी घालतात.

मग उलट करा. चित्रांकडे न बघता फक्त मजकूर वाचा. मजकुरात ‘मिनी लाल फ्रॉक घालून हिरव्या झाडाखाली बसली होती’ असं असेल आणि चित्रातही लाल फ्रॉक, हिरवं झाड, बसलेली मिनी, तर दोघांपैकी एक जण फुकटचा पगार घेतोय.

याउलट समजा, एका पानावर एवढंच वाक्य आहे, ‘बंटी म्हणाला, मी लाडवाला हातसुद्धा लावलेला नाही.’ चित्रात डबा उघडा, बंटीच्या शर्टावर बेसनाचे कण आणि आई कमरेवर हात ठेवून उभी. इथे चित्र शब्दांना खोटं पाडतं. बंटीला जे लपवायचंय ते वाचणाऱ्या मुलाला आईच्याही आधी कळतं आणि ते खुदकन हसतं. आता त्याच चित्रात, कोपऱ्यातल्या पलंगाखाली, मिशांना बेसन लागलेलं मांजर आहे. ते बहुतेक मोठ्यांच्या नजरेतून सुटतं, मुलांच्या नाही. मग बंटी खोटं बोलतोय की नाही यावर घरात वाद सुरू होतो. एक वाक्य, एक चित्र आणि पाच मिनिटांची चर्चा. अशी दोन-तीन पानं सापडली तरी पुस्तक घ्यायला हरकत नाही.

पान उलटताना थांबा

पुष्कळ चित्रपुस्तकं ३२ पानांची असतात. एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली सोळा पानं म्हणजे एक फॉर्म, असे दोन फॉर्म, हे छपाईचं साधं गणित आहे. त्यातून श्रेयनामावली वगैरे वजा केली की गोष्टीला फारच थोडी जागा उरते, म्हणून पान उलटण्याचा क्षण लेखकाने हुशारीने वापरलेला असावा लागतो. उजव्या पानावर दाराची कडी वाजते, दार मात्र पुढच्या पानावर उघडतं. कडी वाजली आणि शेजारच्याच पानावर पाहुणे चहा पीत बसलेले दिसले, तर मुलाने पुढचं पान उलटायचं कशासाठी? समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेल्या चित्रात मधल्या शिवणीत काय गेलंय तेही बघा. हत्तीचं पोट गेलं तर चालेल, नाक-डोळे गेले तर कुणीतरी काम उरकलंय.

चित्रकाराची नजर

चित्र ‘छान’ आहे का हा प्रश्न फारसा कामाचा नाही. गुळगुळीत, चकचकीत चित्रं आता झटपट बनतात. मूल रडत असो की खेळत असो, प्रत्येक पानावर तोच बाहुलीसारखा चेहरा. त्यापेक्षा खांदे बघा, पाठ बघा. रुसलेलं मूल पाठीवरूनही रुसलेलं दिसतं का? वेणीची रिबीन दर पानावर रंग बदलत नाही ना? मुलं असली चूक पहिल्याच वाचनात पकडतात.

चित्रकाराने गोष्टीतली वस्तू खरी पाहिली आहे का, याचीही एक परीक्षा आहे. आपल्या भागात फ्लेमिंगो घ्या. ठाणे खाडीतलं त्यांचं अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि ऐरोलीच्या बाजूने कित्येक मुलांनी ते पक्षी पाहिलेले असतात. चिखलात खाताना फ्लेमिंगो डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो, आणि थव्यातली लहान पिल्लं करडी असतात, गुलाबी नाही. पुस्तकात सगळेच एकसारखे गुलाबी आणि कोंबडीसारखे दाणे टिपताना दिसले, तर चित्रकार खाडीवर गेलाच नाही असं खुशाल समजा. गोष्ट कल्पनेतली असेल तर फ्लेमिंगोने चष्मा लावावा, रिक्षा चालवावी, माझी काही तक्रार नाही.

घरंही बघा. मजकूर मराठी, पण छपरावर धुराडं आणि खिडकीत बर्फ असेल तर चित्रं बाहेरून उचललेली असण्याचा संभव जास्त. गॅलरीत वाळत घातलेले कपडे, दाराबाहेर चपलांचा ढीग, कुकरशी उभे असलेले बाबा हे किती पुस्तकांत दिसतं ते एकदा शोधून बघाच.

मोठ्याने वाचा

दुकानात संकोच वाटला तर ओठांतल्या ओठांत. जीभ जिथे अडखळते तिथे भाषा कच्ची. अनुवादित पुस्तकात तर हे हमखास करा. ‘ती तिच्या आईकडे गेली आणि तिने तिला तिची बाहुली दाखवली’ असलं वाक्य कुठलीही आजी गोष्ट सांगताना बोलणार नाही. मूल नुकतंच वाचायला लागलं असेल तर अक्षर ठळक हवं आणि गडद चित्रावर छापलेलं नको. ‘म्हणून मुलांनो’ने सुरू होणारा शेवटचा परिच्छेद दिसला, की मी तरी पुस्तक खाली ठेवते.

सोसायटीतल्या दहा-बारा मुलांसमोर वाचायचं असेल तर पुस्तक हातभर लांब धरून बघा. मांडीवर बसून शोधायचं पलंगाखालचं मांजर तिथून कुणालाच दिसणार नाही.

घेण्याआधी चाळायला जवळच्या वाचनालयाचा बालविभाग उत्तम. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हर या संकेतस्थळावरही मराठी चित्रपुस्तकं मोफत वाचता येतात. मात्र मोबाईलच्या पडद्यावर चित्र बोटभर होऊन जातं. तिथे भाषा आणि गोष्ट तपासा, चित्रांबद्दल मत बनवायचं ते पुस्तक हातात घेऊनच.